विश्लेषण : फिशटँकमधील झाडांना सीओटू देताना नवशिक्यांनी कोणता संच घ्यावा?

टाकीत खऱ्या पाणवनस्पती लावल्या, प्रखर एलईडी दिवा बसवला, तरी महिनाभरात पाने विरघळू लागतात आणि काचेवर शेवाळ चढते. मग सल्ला मिळतो, ‘सीओटू लावा’. बाटलीतल्या यीस्टपासून सिलिंडरपर्यंत पर्याय बरेच आहेत. निवड चुकली, तर मात्र ती झाडांआधी माशांच्या जिवावर बेतते.

वेगळा कार्बन डायऑक्साइड कशासाठी?

झाडाला कार्बन लागतो, तो या वायूतून मिळतो. घरगुती टाकीत तो लिटरमागे साधारण २-३ मिलिग्रॅम असतो. शिवाय हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. दिवा जितका प्रखर, तितकी झाडाची भूक मोठी. ती भागली नाही की शेवाळाचे फावते. म्हणून हौशी मंडळी हे प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात.

प्रत्येक टाकीला गरज आहे का?

नाही. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, व्हॅलिस्नेरिया ही झाडे मंद प्रकाशात वायूविना वाढतात. कोकण-गोव्यातल्या ओहोळांत उगवणारी क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिसही बरीच सोशिक. अशी झाडे असतील, तर दिवा सहा-सात तासांवर आणणे हाच स्वस्त उपाय. तळाशी हिरवळीचा गालिचा किंवा लालभडक रोटाला हवी असेल, तेव्हाच सीओटूचा विचार करावा.

यीस्टची बाटली का नको?

साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट. खर्च जवळपास शून्य, म्हणून बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. पण ही बाटली बंद करता येत नाही. उकाड्यात बुडबुडे वाढतात, थंडीत मंदावतात आणि एक-दोन आठवड्यांत सारे थंडावते. रात्री झाडे वायू घेत नाहीत, उलट स्वतःच सोडतात. बाटलीही सोडतच राहते. नळी तुंबली, तर बाटली फुटण्याचा धोका वेगळाच. लहान टाकीत गंमत म्हणून ठीक, त्यापुढे नाही.

सायट्रिक ॲसिडचा संच की सिलिंडर?

सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की वायू सुटतो. संचात दाब दाखवणारा काटा, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बुडबुडे कमी-जास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह असतो. शीतपेयाच्या बाटल्यांऐवजी स्टीलचे भांडे असलेला संच घ्यावा. २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच, म्हणजे साधारण ५५ लिटरच्या टाकीसाठी ही सुरुवात चांगली.

मात्र २०० ग्रॅम सोड्यातून जेमतेम १०५ ग्रॅम वायू मिळतो. २ किलोचा सिलिंडर म्हणजे अशा एकोणीस भरण्या. टाकी १०० लिटरच्या पुढे असेल, तर थेट सिलिंडरच घेतलेला बरा. पैसे वाचवायचेच असतील तर डिफ्यूझरवर वाचवावेत, रेग्युलेटरवर नाही. २० अंश तापमानाला सिलिंडरमधला दाब ५७ बारच्या आसपास असतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या सुमारे पंचवीसपट. आतला द्रव संपत आला की हा दाब घसरतो. तेव्हा हलक्या दर्जाचा रेग्युलेटर उरलेला वायू एकदम टाकीत सोडू शकतो.

३१ अंशांपुढे आतला वायू द्रवरूपात राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडचा मे महिना लक्षात घेता सिलिंडर उन्हापासून दूर आणि उभाच ठेवावा, काठोकाठ भरून घेऊ नये. जुना, अग्निशामकाचा सिलिंडर स्वस्तात मिळतो. पण त्यावर कोरलेली चाचणीची तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नये. ही चाचणी ठरावीक वर्षांनी करावी लागते. सिलिंडरसंबंधीचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

वीज गेली तर?

सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडणारी झडप. वीज गेली की ती बंद होते, त्यामुळे भारनियमनाच्या भागात ती हवीच. पण काट्याचा साधा टायमरही तेवढा वेळ थांबतो. दोन तास वीज गेली, तर वायू रात्री दोन तास उशिरापर्यंत सुरू राहतो. वीज गेल्यावरही वेळ लक्षात ठेवणारा, आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग, पण घ्यावा.

प्रमाण कसे ओळखायचे?

वायू दिव्याच्या तासभर आधी सुरू आणि तासभर आधी बंद करावा. ५५ लिटरला दोन सेकंदांत एक बुडबुडा, इथून सुरुवात पुरे. टाकीत ड्रॉप चेकर लावावा. त्यातले द्रावण निळे असेल तर वायू कमी, हिरवे म्हणजे योग्य, पिवळे म्हणजे जास्त. रंग बदलायला एक-दोन तास लागतात. तेवढ्यात व्हॉल्व्ह पुन्हा फिरवण्याचा मोह टाळावा. वाढ करायची ती दोन-तीन दिवसांनी, तीही सुट्टीच्या दिवशी, घरात कोणी असताना.

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर रंगाची वाट पाहू नये. वायू तत्काळ बंद करावा, एअर पंप सुरू करावा आणि टाकीतले एक तृतीयांश पाणी क्लोरिन काढलेल्या पाण्याने बदलावे.