सेंट अँड्र्यूज : कागदावर टिकलेलं गाव

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये 'ब्रूस्टर्स लॉ' आपण सगळ्यांनीच केला आहे. विशिष्ट कोनातून काचेवर पडलेला प्रकाश परावर्तित होताना पूर्णपणे पोलराइज होतो, आणि त्या कोनाचा टॅन म्हणजे त्या पदार्थाचा अपवर्तनांक. काचेसाठी हा कोन साधारण ५६ अंश. वायवाला हमखास विचारला जाणारा प्रश्न! उत्तर दिलं, सही घेतली, विषय संपला. पण हा ब्रूस्टर कोण, कुठला, हे आपल्यापैकी किती जणांनी शोधलं असेल?

सर डेव्हिड ब्रूस्टर (१७८१–१८६८) हा स्कॉटिश शास्त्रज्ञ. लहानपणी जत्रेत घेतलेला कॅलिडोस्कोप आठवतो ना? तोही याचाच शोध. १८३८ साली तो सेंट अँड्र्यूज नावाच्या गावातल्या युनायटेड कॉलेजचा प्रिन्सिपल झाला, आणि त्याच्यामुळे हे समुद्राकाठचं छोटंसं गाव फोटोग्राफीच्या इतिहासात कायमचं जाऊन बसलं. या लेखात मला त्या गावाची आणि तिथल्या फोटोंची गोष्ट सांगायची आहे. मी स्वतः तिथे गेलेलो नाही. पण माझी चुलतबहीण, आमची ताई, एम.एससी.साठी वर्षभर तिथे होती. तिच्या आठवणी आणि तिने आणलेले फोटो हेच माझं भांडवल.

गाव कसं आहे?

सेंट अँड्र्यूज हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ भागात, उत्तर समुद्राच्या अगदी तोंडावर वसलेलं आहे. तीन मुख्य रस्ते : साउथ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट आणि नॉर्थ स्ट्रीट. तिन्ही पूर्वेकडे जुन्या कॅथेड्रलच्या दिशेने जातात. हे कॅथेड्रल १३१८ मध्ये राजा रॉबर्ट द ब्रूसच्या उपस्थितीत पवित्र करण्यात आलं, आणि १५५९ मध्ये धर्मसुधारणेच्या वादळात लोकांनी ते आतून उद्ध्वस्त केलं. आज उरल्या आहेत त्या फक्त उंच भिंती, कमानी आणि थडगी. विद्यापीठ १४१३ सालचं, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्याही दोनशे वर्षं आधीचं! गोल्फवाल्यांना हे गाव 'ओल्ड कोर्स'साठी माहीत आहे. 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या सिनेमात सुरुवातीला मुलं समुद्राकाठी धावतात, तो वेस्ट सँड्सचा किनाराही इथलाच.

ताई सांगते, गावात रेल्वे स्टेशनच नाही. ल्यूकर्सला उतरून बस पकडायची. पहिल्याच दिवशी सीनियर मुलांनी तिला कॉलेजच्या दाराबाहेर दगडांत कोरलेली 'पी एच' ही अक्षरं दाखवली आणि बजावलं, यावर पाय ठेवायचा नाही, नाहीतर परीक्षेत नापास! ही अक्षरं पॅट्रिक हॅमिल्टनची. धर्माबद्दलच्या त्याच्या मतांसाठी १५२८ साली त्याला त्या जागी जिवंत जाळलं. पाचशे वर्षं होत आली, पण पोरं अजूनही ती अक्षरं ओलांडून जातात. इतिहास टिकवायचा हाही एक मार्गच म्हणायचा.

कॅलोटाइप म्हणजे काय?

१८३९ साली जगासमोर फोटोग्राफीच्या दोन पद्धती आल्या. फ्रान्समध्ये दागेरने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो काढून दाखवला. तो आरशासारखा लखलखीत आणि अतिशय स्पष्ट, पण एकच! त्याची कॉपी निघत नसे. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट कागदावर प्रयोग करत होता. १८४० मध्ये त्याच्या लक्षात आलं की कागदावर चित्र दिसेपर्यंत कॅमेरा उघडा ठेवायची गरजच नाही. थोडा वेळ प्रकाश दिला तरी चित्र अदृश्य स्वरूपात तयार झालेलं असतं, आणि योग्य रसायन लावलं की ते उमटतं. या पद्धतीला त्याने 'कॅलोटाइप' नाव दिलं.

पद्धत थोडक्यात अशी. चांगला लिहायचा कागद घ्यायचा. त्यावर ब्रशने सिल्व्हर नायट्रेट लावून वाळवायचं आणि मग तो पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात बुडवायचा. कागदाच्या तंतूंमध्ये सिल्व्हर आयोडाइड तयार होतं. फोटो काढायच्या आधी सिल्व्हर नायट्रेट, ॲसेटिक ॲसिड आणि गॅलिक ॲसिड यांचं मिश्रण लावायचं. मग कॅमेऱ्यात ठेवून उन्हात एक्स्पोजर द्यायचं. ते काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत कितीही असू शकतं. त्यानंतर पुन्हा तेच मिश्रण लावलं की जिथे प्रकाश पडला होता तिथे आयोडाइडची काळी धातुरूप चांदी होते. उरलेलं, प्रकाश न लागलेलं आयोडाइड हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, विरघळवून काढायचं. हायपो चांदीचे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेलने १८१९ मध्येच शोधलं होतं.

झाला निगेटिव्ह तयार! त्यावर मेण लावून तो पारदर्शकसर करायचा, मिठाच्या पाण्यात भिजवून सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या दुसऱ्या कागदावर दाबून उन्हात ठेवायचा, की पॉझिटिव्ह मिळतो. एका निगेटिव्हवरून कितीही प्रती! पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं जगाने फिल्म धुतल्या त्या याच तत्त्वावर.

आता प्रश्न असा, की हे तंत्र इंग्लंडमधलं, मग ते सेंट अँड्र्यूजमध्ये कसं रुजलं? याची कारणं दोन. पहिलं, ब्रूस्टर हा टॅलबॉटचा मित्र. टॅलबॉट त्याला आपले नमुने आणि कृती पत्रांतून कळवत असे. दुसरं कारण आपल्या 'आय.पी.आर.'च्या लेक्चरला शोभेल असं आहे. टॅलबॉटने १८४१ मध्ये कॅलोटाइपचं पेटंट घेतलं ते इंग्लंडसाठी. स्कॉटलंडसाठी त्या काळी वेगळं पेटंट लागायचं, आणि ते त्याने घेतलंच नाही. त्यामुळे लंडनमध्ये ज्या कामाला परवाना आणि पैसे लागायचे, ते सेंट अँड्र्यूजमध्ये कोणीही करू शकत होतं!

इंजिनियर व्हायचं राहून गेलेला मुलगा

ब्रूस्टरच्या भोवती एक छोटं मंडळ जमलं. त्यात मेजर ह्यू लायन प्लेफेअर होता. हा बंगालच्या तोफखान्यात नोकरी करून परतलेला अधिकारी, पुढे गावाचा प्रोव्होस्ट म्हणजे नगराध्यक्ष झाला. आणि होता डॉ. जॉन ॲडमसन, गावातला डॉक्टर. सुरुवातीला यांचे कागद नुसतेच काळे पडायचे. पण डॉक्टरने चिकाटी सोडली नाही. १८४१-४२ च्या सुमारास त्याने काढलेली पोर्ट्रेट्स ही स्कॉटलंडमधली पहिली कॅलोटाइप पोर्ट्रेट्स मानली जातात.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो मात्र या डॉक्टरचा धाकटा भाऊ, रॉबर्ट ॲडमसन. जन्म १८२१. त्याला इंजिनियर व्हायचं होतं. वर्कशॉपमध्ये उमेदवारीही सुरू केली, पण तब्येत इतकी नाजूक की ते काम झेपेना. आपण वर्कशॉपच्या जॉबला किती शिव्या देतो! या मुलाला ते हवं असून मिळालं नाही. मग मोठ्या भावाने त्याला कॅलोटाइप शिकवलं आणि १८४३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, रॉबर्टने एडिनबरोला कॅल्टन हिलवर स्टुडिओ टाकला.

त्याच वर्षी १८ मे रोजी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. साडेचारशेहून जास्त धर्मगुरू घर आणि पगार सोडून बाहेर पडले. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल नावाच्या चित्रकाराला या सगळ्यांचं एक भव्य चित्र काढायचं होतं. पण इतक्या लोकांना समोर बसवून चेहरे रंगवणार कधी? ब्रूस्टरने सुचवलं, रॉबर्टकडे जा, फोटो काढून घे आणि त्यावरून रंगव. मदतीसाठी म्हणून झालेली ही ओळख भागीदारीत बदलली. पुढच्या साडेचार वर्षांत दोघांनी मिळून अडीच ते तीन हजार फोटो काढले. हिल माणसं बसवायचा, उजेड बघायचा. रॉबर्ट कॅमेरा आणि रसायनं सांभाळायचा.

आपल्या मुंबईचा एक धागाही इथे सापडतो. धनजीभाई नौरोजी हा मुंबईचा पारशी तरुण १८३९ मध्ये ख्रिस्ती झाला आणि विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांच्याबरोबर १८४३ मध्ये स्कॉटलंडला गेला. हिल आणि ॲडमसन यांनी त्याचाही फोटो काढला आणि हिलच्या त्या मोठ्या चित्रात त्याला जागा मिळाली.

पण मला विचाराल तर या जोडीचे सर्वांत सुंदर फोटो धर्मगुरूंचे नाहीत, कोळ्यांचे आहेत. सेंट अँड्र्यूजच्या नॉर्थ स्ट्रीटच्या टोकाला कोळीवाडा होता. तिथे बायका-मुलं घरासमोर बसून गळांना आमिष लावतायत, असा एक फोटो आहे. कागदाच्या तंतूंमुळे कडा किंचित मऊ आल्या आहेत, कोळशाने रेखाटल्यासारख्या. आपल्या वर्सोव्याला किंवा मालवणला जाळी विणत बसलेल्या मंडळींना पाहिलं असेल, तर हा फोटो परका वाटत नाही.

१८४८ च्या जानेवारीत रॉबर्ट वारला. वय वर्षं २६. सेंट अँड्र्यूजच्या कॅथेड्रलच्या आवारात त्याला पुरलं. हिलने ते चित्र पूर्ण केलं १८६६ मध्ये, तेवीस वर्षांनी. आज चित्रापेक्षा जास्त कौतुक होतं ते मदतीला म्हणून काढलेल्या फोटोंचं!

डॉ. ॲडमसनने पुढे टॉमस रॉजर या तरुणालाही तयार केलं. तो गावातला पहिला व्यावसायिक फोटोग्राफर. १८६६ मध्ये त्याने खास फोटोग्राफीसाठी स्टुडिओ बांधला. गंमत म्हणजे ताई तिथे होती तेव्हा त्याच इमारतीत विद्यापीठाचं करिअर सेंटर होतं. ती आपला बायोडाटा तपासून घ्यायला तिथे जायची. जिथे गोल्फपटू आणि कोळणी फोटोसाठी श्वास रोखून बसत, तिथे आता मुलं प्लेसमेंटच्या काळजीने बसतात!

आपल्या अल्बमचं काय?

हे सगळं वाचताना मला आमच्या घरचे फोटो आठवत राहिले. ताईचा फोन परत आल्यावर दोन महिन्यांत चोरीला गेला. वर्षभरात काढलेले हजारेक फोटो गेले. उरले चौतीस, जे तिने काकूला दाखवायला प्रिंट करून आणले होते. समुद्रावरून येणारं धुकं, लाल गाऊन घालून धक्क्यावर चालणारी मुलं, कॅथेड्रलची रिकामी खिडकी... तिचं सगळं वर्ष आता त्या चौतीस कागदांत आहे. म्हणजे १८४३ चा कागद टिकला आणि आपल्या काळातला फोन टिकला नाही.

पण कागदही आपोआप टिकत नाही. जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो पिवळे का पडतात? अनेकदा हायपो नीट धुतला गेलेला नसतो. त्यातलं गंधक चांदीशी संयोग पावतं आणि काळ्याचा पिवळट-तपकिरी रंग होतो. हा प्रश्न इतका जुना आहे की १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने त्यासाठी समिती नेमली होती. रंगीत फोटोत तर चांदी नसतेच, रंगद्रव्यं असतात, आणि ती एकसारख्या वेगाने उडत नाहीत. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातले लग्नाचे फोटो लालसर दिसतात. आपल्या पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी येते ती वेगळीच.

करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढा (निघत नसतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा). कोरड्या जागी, उजेडापासून दूर, कागदी पाकिटात ठेवा. स्कॅन करून दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी ठेवा. फोनमधले निवडक फोटो प्रिंट करा.

आणि सर्वांत महत्त्वाचं : मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा. हिल आणि ॲडमसनच्या फोटोंतल्या धर्मगुरूंची नावं बहुतेक सगळी माहीत आहेत, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. कोळीवाड्यातल्या अनेक बायकांची नावं मात्र कायमची गेली. चेहरा स्पष्ट, शालीच्या घड्याही स्पष्ट, पण ही कोण, ते सांगणारं कोणी नाही.

आमच्या घरी पणजीच्या माहेरचा एक फोटो आहे. त्यात अकरा माणसं आहेत. आजी आता ८१ वर्षांची आहे आणि हल्ली बरंच विसरते. गेल्या दिवाळीत तिच्याजवळ बसून मी सात जणांची नावं लिहून घेतली. उरलेल्या चौघांपैकी एका मुलाकडे तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हा फार हसवायचा रे सगळ्यांना. नाव नाही आठवत." मी फोटोच्या मागे तेवढंच लिहिलं आहे : 'फार हसवायचा.' येत्या सुट्टीत उरलेल्या तिघांबद्दल विचारणार आहे. तुमच्या घरीही असा एखादा फोटो असेलच. सबमिशन्स संपली की आधी तो बाहेर काढा, आणि ज्यांना नावं आठवतात त्यांच्याजवळ जाऊन बसा.