चुकलेली धावपट्टी

२४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ जातीचे एक प्रवासी विमान मुंबईत उतरले. त्याला जावयाचे होते सांताक्रूझच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर. परंतु त्याची चाके टेकली ती जुहूच्या लहानशा विमानतळावर. चार इंजिनांचे ते अवजड विमान इतक्या आखूड धावपट्टीवर थांबू शकले नाही. टोक ओलांडून ते पलीकडे गेले आणि असे मोडले की, पुन्हा उडण्याजोगे राहिले नाही. सुदैवाने कोणी प्राणास मुकले नाही. याच जुहूवर १९५३ साली बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमानही असेच चुकून उतरले होते.

हजारो तासांच्या उड्डाणाचा अनुभव असलेल्या वैमानिकांना विमानतळासारखी विस्तीर्ण वस्तू ओळखू येऊ नये, याचे सामान्य माणसाला नवल वाटते. याचे कारण समजून घ्यावयाचे, तर विमान खाली कसे उतरविले जाते, हे आधी पाहिले पाहिजे.

उतरण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिल्या पद्धतीत जमिनीवरून अथवा उपग्रहावरून येणाऱ्या संकेतांच्या आधारे यंत्रे वैमानिकाला मार्ग दाखवितात. दुसरी पद्धत दृष्टीवर अवलंबून असते. आकाश निरभ्र असेल आणि विमानतळ दिसत असल्याचे वैमानिकाने कळविले, तर नियंत्रक त्याला डोळ्यांनी पाहून उतरण्याची अनुमती देतो. तेथून पुढे पट्टीपर्यंतची वाट शोधणे हे वैमानिकाचे काम. या पद्धतीने वेळ व इंधन वाचते आणि ती मुळात असुरक्षितही नाही. तिचा सारा भार मात्र एका गृहीतकावर असतो : जे दिसले तेच आपले ठिकाण होय.

आता वैमानिकाला दिसते काय? वीस किलोमीटरांवरून विमानतळाचे नाव वाचता येत नाही. दिवसा दिसते एक करडी रेघ आणि रात्री दिव्यांच्या दोन ओळी. धावपट्टीवर मोठे आकडे रंगविलेले असतात. पण ते अगदी जवळ आल्यावरच वाचता येतात. हे आकडे म्हणजे होकायंत्राने दाखविलेल्या दिशेच्या अंशांना दहाने भागून काढलेला पूर्णांक होय. बरोबर पूर्वेकडे, म्हणजे ९० अंशांवर, जाणाऱ्या पट्टीचा क्रमांक ०९. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरविणे हिताचे असते आणि एका परिसरात वारे बहुधा एकाच दिशेने वाहतात. त्यामुळे शेजारशेजारच्या विमानतळांच्या पट्ट्याही पुष्कळदा जवळजवळ एकाच दिशेने आखलेल्या आढळतात.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जुहूचा तळ १९२८ सालचा. १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा येथेच उतरले होते. सांताक्रूझचा तळ त्यानंतरचा. जुहूची एक पट्टी ०८ क्रमांकाची, तर सांताक्रूझची मुख्य पट्टी ०९ क्रमांकाची. दोहोंच्या दिशेत अंतर पडते ते सुमारे दहा अंशांचे. जुहूचा तळ किनाऱ्यालगत असल्याने समुद्राकडून येणाऱ्या विमानाच्या दृष्टीस तोच आधी पडतो. लांबीत मात्र दोहोंची तुलनाच नाही : जुहूची ही पट्टी सुमारे ११४० मीटर, तर सांताक्रूझची आज जवळपास ३४०० मीटर. परंतु हा फरक दुरून जाणवत नाही. कारण जवळची लहान व अरुंद पट्टी आणि दूरची लांब व रुंद पट्टी डोळ्यांत सारख्याच आकाराची प्रतिमा उमटवू शकतात.

दृष्टीच्या या मर्यादेत मनाच्या एका सवयीची भर पडते. माणूस जे पाहण्याची अपेक्षा करतो, तेच त्याला आधी दिसते आणि एकदा ओळख पटली असे वाटले की, विरुद्ध पुराव्याकडे त्याचे दुर्लक्ष होते. अमेरिकेतील विचिटा येथे नोव्हेंबर २०१३ मध्ये याचा प्रत्यय आला. मॅककॉनेल या हवाईदलाच्या तळाकडे निघालेले एक प्रचंड बोइंग मालवाहू विमान रात्री जाबारा नावाच्या लहान विमानतळावर उतरले. मॅककॉनेलला ये-जा करणाऱ्या विमानांच्या वाटेवर जवळपास एकाच दिशेच्या पट्ट्या असलेले आणखी तळ आहेत. आपण नक्की कोठे उतरलो आहोत, हे ठरविण्यास वैमानिकांना उतरल्यावरही काही वेळ लागला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी २०१४ मध्ये, साउथवेस्ट कंपनीचे विमान १२४ प्रवाशांसह मिसुरी राज्यातील ब्रॅन्सनऐवजी शेजारच्या तळावर उतरले. अपेक्षित पट्टी होती सुमारे २१७५ मीटरांची. मिळाली ती जुहूएवढीच, ११४० मीटरांची. वेग दुप्पट झाला, तर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. म्हणून जलद गतीने टेकणाऱ्या विमानाला प्रत्येक मीटर मोलाचा असतो. वैमानिकांनी जोराने रोधक लावले. विमान थांबले तेव्हा पट्टीचे टोक सुमारे शंभर मीटरांवर होते आणि त्यापलीकडे जमीन खाली उतरत गेलेली होती.

चूक नेहमी विमानतळाचीच होते असे नाही. जुलै २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एअर कॅनडाच्या विमानाने धावपट्टीऐवजी तिच्या शेजारचा, विमानांनी जमिनीवरून जाण्याचा मार्ग धरला. दोन समांतर पट्ट्यांपैकी एक त्या रात्री बंद असून तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना दोन पट्ट्या दिसण्याची अपेक्षा होती. म्हणून चालू पट्टी त्यांना डावीकडची वाटली आणि उजवीकडचा तो मार्ग आपली पट्टी वाटला. त्या मार्गावर चार विमाने उड्डाणासाठी खोळंबली होती. विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर आल्यावर वर उचलले गेले आणि एक भीषण अनर्थ टळला.

उपायांचा इतिहासही उद्बोधक आहे. ऑक्टोबर १९६० मध्ये पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ लंडनच्या हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टच्या तळावर उतरले. दोन्ही ठिकाणांच्या वाटेवर वायू साठविण्याच्या मोठमोठ्या टाक्या होत्या आणि वैमानिक त्यांचा खुणेसारखा उपयोग करीत. तेव्हा एका टाकीवर हीथ्रोसाठी आणि दुसरीवर नॉर्थोल्टसाठी ठळक अक्षरे रंगविण्यात आली.

आज विमानाचे स्थान नकाशावर क्षणोक्षणी दाखविणारी यंत्रे वैमानिकासमोर असतात. परंतु पाहिलेच नाही, तर यंत्र काय करणार? म्हणून पट्टी डोळ्यांना दिसत असली, तरी यंत्राचा संकेत जुळवून घ्यावा, विमानतळाचे अंतर तपासावे आणि दोघा वैमानिकांनी परस्परांची खात्री करून घ्यावी, असे शिकविले जाते. फसविणारा तळ मागे पडेपर्यंत नियंत्रकाने उतरण्याची अंतिम अनुमती रोखून धरावी, अशी शिफारसही ब्रॅन्सनच्या घटनेनंतर अमेरिकेच्या तपास मंडळाने केली.

जुहूच्या तळावरून आज मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात. समुद्राकडून येणाऱ्या विमानांना ती पट्टी मात्र अजूनही आधी दिसते. तिला ओलांडून पुढे जाणारा वैमानिक केवळ डोळ्यांवर विसंबत नाही. डोळ्यांनी दिलेली साक्ष तो दुसऱ्या साक्षीने पडताळून पाहतो. त्याच्या मागे बसलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षितता या पडताळणीवर अवलंबून असते.