आठ घरांचा लेहरा

दिवाळीची सुटी लागून मार्केट यार्ड बंद झाले, की आमचे लासलगाव एकदम मुके होते. ना कांद्याच्या लिलावाचा पुकारा, ना ट्रॅक्टरांची रांग. अशा शांततेत गेल्या वर्षी आमचे चिरंजीव पुण्याहून आले ते एक पेटी घेऊन. वाजवायची पेटी नव्हे. खुंट्या, भोके आणि रंगीबेरंगी तारांचे जंजाळ! "बाबा, हा मॉड्युलर सिंथेसायझर," चिरंजीव म्हणाले. सौभाग्यवतींना वाटले, टेलिफोन एक्स्चेंजच घरी आले!

माझे वडील, अण्णा, हौशी तबलजी. लहानपणी त्यांच्या रियाजाला पेटीवर लेहरा धरणे हे माझे काम. तीच ओळ तासन् तास! माझी लय धावायची आणि अण्णा कपाळाला हात लावायचे. पुढे कॉलेजचे निमित्त करून मी पेटी सोडली. लेहऱ्याला दुसरे कोणी मिळाले नाही. हळूहळू तबल्यावर खोळ चढली ती चढलीच. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही.

या यंत्रात आठ खुंट्यांची एक पट्टी असते, तिला सीक्वेन्सर म्हणतात. ठोका पडला की दिवा एका घरातून पुढच्या घरात सरकतो, आणि त्या घराची खुंटी जेवढा विजेचा दाब सोडील तेवढा सूर चढतो. एक व्होल्ट वाढला की बरोबर एक सप्तक. आठवे घर झाले की पुन्हा पहिले. म्हणजे लेहराच की!

अशा यंत्रांशी आपली ओळख तशी जुनी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ साली सीक्वेन्सर असलेल्या यंत्रांवर दहा राग बसवले.

अण्णा कोपऱ्यातून ऐकत होते. म्हणाले, "आठच मात्रा? रूपक होत नाही का?"

चिरंजीवांनी आठव्या घराची तार 'पुन्हा पहिल्यापासून' करणाऱ्या भोकात खोचली. दिवा सातव्यावरूनच परतू लागला.

"गंधार चढा आहे."

खुंटी फिरली.

"अजून. केसभर."

पेटीच्या पट्ट्यांत जो गंधार मला जन्मात सापडता ना, तो त्या खुंटीखाली निघाला.

अण्णांनी खोळ काढली, हातोडीने तबला सुरात लावला आणि वीस मिनिटे वाजवले. यंत्राची लय तसूभरही धावली नाही. मग घाम पुशीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंत्र चोख आहे. पण समेवर मान हलवीत नाही. आपली पेटी कुठे आहे रे?"

माळ्यावर होती. भात्याला तीन भोके पडलेली. भाऊबीज होताच नाशिकला दुरुस्तीला धाडावी लागली.