ट्रॅक्टरची निगा राखता, चालकाची कोण राखणार?



गळीत हंगाम तोंडावर आला की दारातल्या ट्रॅक्टरची कामे निघतात. ऑइल बदलायचे, टायर बघायचे, ट्रॉलीचे नटबोल्ट आवळायचे. हे सगळे रास्तच आहे. पण त्या ट्रॅक्टरवर हंगामभर जो माणूस बसणार, त्याची कंबर आणि त्याची झोप कोण बघतो? हा चालक काही परका नसतो. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या, नाहीतर वर्षानुवर्षे घरी राबणारा गडी. म्हणून या वेळी बेणे-खताचा विषय बाजूला ठेवून आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत.

कंबर का धरते?

मोटारीला स्प्रिंगा असतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला त्या नसतात. खड्ड्यातला दणका टायर आणि सीट यांतून सरळ मणक्यात जातो. सेकंदाला ४ ते ८ वेळा खालीवर होणारी थरथर माणसाच्या शरीराला सर्वात जास्त जाचते, आणि ट्रॅक्टरची थरथर बरीचशी त्याच्याच आसपास असते. त्यात नांगरटीला मान आणि कंबर सारखी मागे वळवावी लागते. अशाने मणक्यांमधल्या गाद्या झिजतात आणि कंबरदुखी कायमची मागे लागते.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. सीटची स्प्रिंग चालकाच्या वजनाप्रमाणे लावून घ्या. फाटक्या सीटवर पोते टाकून भागवू नका. टायरमध्ये हवा मापातच ठेवा; दगडासारखा टणक टायर दणका जास्त देतो. ट्रॅक्टरवरून उडी मारू नये, पायरीवरून उतरावे. उतरल्या-उतरल्या लगेच जड ओझे उचलू नये, पाच-दहा मिनिटे चालून अंग मोकळे करावे.

बसून काय होते?

“नुसते बसायचे तर असते, त्यात कसले कष्ट?” असे काही जण म्हणतात. यावर लंडनच्या बसगाड्यांचा दाखला ऐकण्यासारखा आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तिथले चालक आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. गाडी एकच, पण चालक दिवसभर बसून आणि कंडक्टर दुमजली बसचा जिना चढ-उतार करणारा. हृदयविकार चालकांत जास्त आढळला. चालक मुळातच अंगाने जाड होते हेही त्याला एक कारण असल्याचे पुढे दिसले. पण बैठे काम हृदयाला वाईट, ही गोष्ट नंतरच्या संशोधनातही टिकून राहिली.

म्हणून गाडी काट्यावर नंबराला लागली की चालकाने सीटवर बसून राहू नये. खाली उतरून दोन फेऱ्या माराव्यात. लघवीला उतरावे लागेल म्हणून पाणी न पिण्याची खोड पुष्कळांना असते, तीही सोडावी. मुतखड्याला हे आमंत्रणच आहे.

झोपेची उधारी

सर्वात मोठा धोका झोपेचा. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की सलग १७ तास जागा असलेला माणूस १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा वागतो. आपला कायदा ३० मिलिग्रॅमच्या पुढे गुन्हा धरतो. म्हणजे थेंबही न पिता, नुसत्या जागरणाने आपला चालक झिंगलेला असतो!

ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर भरलेल्या दोन ट्रॉल्या ७० फूट वाऱ्यावर गेल्या. समोर सायकलवाला असेल, बैलगाडी असेल. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. मोठ्या आवाजात गाणी लावून झोप जात नाही, फक्त कान जातात. चहाही घटकाभरच उपयोगी. डोळे जड झाले की गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, मागचे दिवे चालू ठेवावेत आणि वीस-पंचवीस मिनिटे झोप काढावी.

मालकाने काय करावे?

मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे माप होते. तो कायदा आपल्या ट्रॅक्टरला लागू असला-नसला तरी माणसाचे शरीर तेच आहे. एका गाडीला दोन चालक ठेवा. जमत नसेल तर रात्रीची खेप केलेल्याला सकाळी पुन्हा गाडीवर बसवू नका. त्याला घरी नीट झोपू द्या. खेपांचा हिशेब रोज लिहिता, त्याच वहीत चालक किती तास झोपला तेही लिहून बघा.

एक खेप कमी झाली तर ती उद्या भरून काढता येते. ट्रॅक्टरचा तुटलेला आस बाजारात मिळतो. मणका मिळत नाही, आणि गेलेला माणूस तर नाहीच नाही.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते