स्मृतिभ्रंशामागची कात्री
जुईनगर, खास प्रतिनिधी

जुईनगरहून हार्बर मार्गाने बेलापूरला उतरले की कोकण रेल्वे महामंडळाचे मुख्यालय लागते. १९९० साली हे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. १९७४चा रेल्वे संप उभा करणाऱ्या या नेत्याला अखेरच्या वर्षांत अल्झायमरने ग्रासले. २९ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. सार्वजनिक जीवनातून मात्र ते कित्येक वर्षे आधीच नाहीसे झाले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण अल्झायमर हेच आहे.

या रुग्णांच्या मेंदूत चेतापेशींबाहेर बीटा-अमायलॉइड प्रथिनाचा साका आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता आढळतो. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या दोन्हींचे वर्णन केले. साका कसा तयार होतो, हे समजायला मात्र पुढे अनेक दशके जावी लागली.

चेतापेशीच्या आवरणात एक लांब प्रथिन रोवलेले असते आणि विकरे, म्हणजेच एन्झाइम, ते कात्रीसारखे कापतात. अल्फा-सिक्रिटेजने कापले तर चिकट तुकडा तयारच होत नाही. आधी बीटा आणि मागोमाग गॅमा-सिक्रिटेजची कात्री चालली, तर बहुधा ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. यातला ४२चा अधिक चिकट. निरोगी मेंदूतही हे रोज घडते, पण तेथे सफाई वेळेवर होते. नेप्रिलायसिन आणि इन्शुलिनचे विघटन करणारे विकर हे तुकडे मोडून टाकतात. रक्तात इन्शुलिन वाढले की हे दुसरे विकर तिकडेच गुंतून पडते आणि मेंदूतील सफाई मागे राहते, असा एक तर्क आहे. मधुमेहींमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक दिसतो, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक असू शकते.

टाऊच्या बाबतीतही विकरे आहेतच. कायनेज गटातील विकरे त्यावर प्रमाणाबाहेर फॉस्फेट चढवतात आणि त्याच्या गाठी होतात.

तिसरे विकर घरच्यांच्या अधिक परिचयाच्या औषधाशी निगडित आहे. अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे स्मृतीला आवश्यक असलेले अ‍ॅसिटिलकोलिन मोडते. ते साक्यातही सापडते. त्याच्या सान्निध्यात अमायलॉइडचे तंतू लवकर जुळतात, असे १९९६ साली प्रयोगशाळेत दिसले. डोनेपेझिलची गोळी याच विकराला रोखते. तिने काही काळ लक्षणे सावरतात. आजार थांबत नाही. हे न सांगितल्याने अनेक घरांत गोळीकडून नको तेवढी आशा धरली जाते.

मग कात्रीच बोथट करावी, हा विचार कागदावर बिनतोड होता. गॅमा-सिक्रिटेज रोखणाऱ्या सेमागासेस्टॅटच्या चाचण्या २०१० साली थांबवाव्या लागल्या, कारण रुग्णांची आकलनशक्ती उलट खालावली. हे विकर शरीरातील इतरही आवश्यक प्रथिने कापत असते. बीटा-सिक्रिटेज रोखणारे व्हेरुबेसेस्टॅटही पुढे अपयशी ठरले.

अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब विकरांना हातच लावत नाही. ते प्रतिपिंड असून साका हटवते. अठरा महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. मात्र काहींच्या मेंदूला सूज आली, काहींना सूक्ष्म रक्तस्राव झाला. शिवाय त्याचा उपयोग आजाराच्या आरंभीच आहे.

निदान लवकर होणे म्हणूनच महत्त्वाचे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदावलेली क्रिया आणि नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. त्यामुळे रक्ताच्या या साध्या तपासण्या आधी केल्या जातात.