‘कंटॅमिनेशन’: घाण नव्हे, स्पर्श

“किरण मारलेले आंबे नकोत बाई, कंटॅमिनेट झालेले असतात ते,” असं शेजारच्या काकू परवा म्हणाल्या. त्यांची काळजी खरी आहे, पण शब्द चुकीच्या जागी पडलाय. तो कुठे चुकला, हे त्याच्या व्युत्पत्तीतच सापडतं.

कंटॅमिनेशन म्हणजे घाण, हा सर्रास आढळणारा समज. लॅटिनमधल्या ‘कोन्तामिनारे’चा अर्थ विटाळणे, डागाळणे असाच आहे, मूळ मात्र ‘तांगेरे’, म्हणजे स्पर्श करणे. ‘कॉन्टॅक्ट’, ‘कॉन्टेजियस’ ही त्याचीच भावंडं. भूमितीतला ‘टॅन्जंट’ही त्याच घरचा, आणि त्याला आपण स्पर्शिका म्हणतो ते किती नेमकं! ज्याला कुणाचा हात लागला नाही तो अखंड, म्हणून पूर्णांक झाला ‘इंटिजर’. आपली ‘लागण’सुद्धा ‘लागणे’तूनच आलेली. पोल्यूशन हा शब्द वेगळ्या कुळातला आहे, त्याचं नातं चिखलाशी, ‘लुतुम’शी सांगतात.

कोन्तामिनारे म्हणजे नुसतं ‘मिसळणे’, असंही काही ठिकाणी वाचायला मिळतं. त्यामागे रोमन नाटककार तेरेन्स आहे. इ.स.पू. 166 मध्ये त्याने मेनान्डरच्या दोन ग्रीक नाटकांतून एक नाटक रचलं, तेव्हा ‘नाटकं अशी कोन्तामिनारे करू नयेत’ असा आक्षेप आला. आक्षेप घेणाऱ्यांच्या तोंडी ती सरळ शिवी होती. दोन नाटकांचं एक करण्याला हे शांत, शास्त्रीय नाव पुढच्या अभ्यासकांनी दिलं.

आता आंबे. लासलगावच्या विकिरण केंद्रात कोबाल्ट-60 चे गॅमा किरण आंब्यांच्या पेट्यांमधून आरपार जातात. 2007 पासून तिथून आंबे अमेरिकेला गेले. कोबाल्ट पोलादी आवरणात बंद असतो, त्याचा कणही फळाला लागत नाही, आणि या किरणांनी फळ स्वतः किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून घरी आलेला माणूस जसा कुणाला बाधत नाही, तसंच हे. आंब्यावर किरण पडले, पण आंब्याला लागलं काहीच नाही.

‘लागणं’ म्हणजे काय, ते ब्राझीलमधल्या गोयानिया शहराने 1987 मध्ये भोगलं. बंद पडलेल्या दवाखान्यातलं कर्करोगावरच्या उपचाराचं यंत्र भंगारात गेलं आणि त्यातली सीझियम-137 ची कुपी फुटली. आतली भुकटी अंधारात निळी चमकायची. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, नातेवाइकांना वाटली, अंगाला चोळली. सहा वर्षांची एक मुलगी तीच भुकटी लागलेल्या हातांनी जेवली. चारजण दगावले, त्यांत ती होती. पुढे एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि 249 जणांच्या अंगावर किंवा शरीरात ती भुकटी सापडली.