साल तेवढे कोरे

ऑस्टिन, कॉलेज स्टेशन, अॅन आर्बर, कोलंबस ही अमेरिकेतली गावे आता पुण्या-ठाण्यातल्या आजीबाईंनाही तोंडपाठ झाली आहेत. नातवंडे तिथे शिकायला असतात ना! ऑगस्टच्या अखेरीस मुलाला पोचवायला गेलेले आईवडील परत आले की एक गोष्ट नवलाने सांगतात. सगळे गाव एकाच रंगात न्हालेले असते, दुकानातल्या बाईपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या अंगात त्याच रंगाचे सदरे, आणि सगळ्यांच्या तोंडी कॉलेजचा फुटबॉल संघ. यंदा अजिंक्यपद आपलेच! आणि त्या घटकेला हंगामातला एकही सामना झालेला नसतो.

हा फुटबॉल म्हणजे कूपरेजवरचा किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन पळायचे, किंवा फेकून साथीदाराकडे पोचवायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याचा. फेकण्याचे काम ज्याच्याकडे तो क्वार्टरबॅक. जिंकले तर हार त्याच्या गळ्यात, हरले तर खापर त्याच्या डोक्यावर. नेहमीच्या हंगामात सामने जेमतेम बारा. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे दोस्त आणि मैदानाबाहेरचा चहावाला एवढीच काय ती गर्दी. तिथे एकेका कॉलेजचे मैदान लाख-लाख माणसांचे असते आणि ते भरते.

या अपेक्षांना आकड्यांची झूल चढवण्याचे काम वार्ताहर करतात. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून वार्ताहरांची मते घेऊन संघांची क्रमवारी लावते, आणि १९५० पासून तर हंगामाच्या आधीच लावते. आता एकही सामना न पाहता क्रमांक द्यायचा कशाच्या जोरावर? गेल्या वर्षीची आठवण, घराण्याचे नाव आणि कोण नवा मुलगा आला त्याची चर्चा. याला आपण अंदाजपंचे म्हणतो. पहिल्या दिवशी पहिला ठरलेला संघ शेवटपर्यंत पहिलाच राहिला, असे प्रथम घडले ते १९९९ साली, फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत. म्हणजे तब्बल ४९ वर्षांनी! तरी दर ऑगस्टला यादी येतेच, आणि लोक ती पत्रिकेसारखी वाचतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये या यादीत टेक्सस विद्यापीठाचे नाव पहिले आले. इतका नावाजलेला संघ, पण हंगामाआधी पहिला येण्याची ही त्याची पहिलीच वेळ. २५ वार्ताहरांनी टेक्ससला पहिले ठरवले, २३ जणांनी पेन स्टेटला. टेक्ससच्या बाजूने मोठे कारण होते आर्च मॅनिंग हा २१ वर्षांचा क्वार्टरबॅक. आजोबा आर्ची नामवंत क्वार्टरबॅक, पेटन आणि ईलाय या दोघा काकांनी व्यावसायिक फुटबॉलमधले सर्वोच्च सुपर बोल विजेतेपद प्रत्येकी दोनदा मिळवलेले. वडील कूपर हेही गुणी खेळाडू. पण कॉलेजात पाऊल ठेवता ठेवता मणक्याचे दुखणे निघाले आणि त्यांचा खेळ तिथेच थांबला. एवढ्या मोठ्या घराचे ओझे घेऊन हा मुलगा दोन वर्षे बहुतेक बाकावर बसला होता. सुरुवातीपासून मैदानात उतरायला मिळाले होते ते दोनच सामन्यांत. तेवढ्यावर त्याला देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन करंडक देऊनही झाले होते, अर्थात कागदावर. लग्न ठरायच्या आत गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हे. फरक एवढाच की बाशिंग त्याने बांधलेले नव्हते, गावाने बांधले होते.

३० ऑगस्टला कोलंबसमध्ये गतविजेत्या ओहायो स्टेटशी गाठ पडली. टेक्सस ७-१४ ने हरले. एका दुपारी कौतुकाची टिंगल झाली. ४ ऑक्टोबरला फ्लोरिडाने टेक्ससला २९-२१ असे हरवले, आणि पहिला क्रमांक मिळवलेला संघ पहिल्या पंचविसांतूनही गेला. दुसरे आलेले पेन स्टेट त्याच आठवड्यात गेले, आणि पुढच्याच आठवड्यात तिथल्या प्रशिक्षकाची नोकरीही.

अजिंक्य ठरले ते इंडियाना. वर्षानुवर्षे हरणारा संघ म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, आणि ऑगस्टच्या यादीत ज्याचा क्रमांक विसावा होता! १६ पैकी १६ सामने जिंकत त्याने १९ जानेवारी २०२६ रोजी अंतिम सामन्यात मायामीला २७-२१ ने नमवले.

लोक एवढी आशा का लावतात, याचे उत्तर थोडे पैशात आहे. २०२५ पासून कॉलेजांना आपल्या खेळाडूंना वर्षाला एकूण सुमारे दोन कोटी डॉलर थेट वाटण्याची मुभा आहे. पैसा ओतला की फळ लगेच हवे, पी हळद हो गोरी. पण पैशाच्याही पलीकडे एक भोळेपणा आहे. टेक्सस ए अँड एम या दुसऱ्या विद्यापीठाने २०१७ च्या अखेरीस जिंबो फिशर यांना साडेसात कोटी डॉलरच्या दहा वर्षांच्या करारावर प्रशिक्षक म्हणून आणले, तेव्हा कुलपतींनी त्यांच्या हाती राष्ट्रीय अजिंक्यपदाची पाटी ठेवली. मजकूर तयार, साल तेवढे कोरे. ते साल भरण्याची वेळ आली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना काढले, आणि करार मोडल्याबद्दल पुन्हा साडेसात कोटींच्या वर देणे विद्यापीठाच्या अंगावर आले.

मोठ्या माणसांच्या या हौशीची किंमत मोठी माणसे डॉलरांत मोजतात. मुलांना ती चारचौघांत मोजावी लागते. आपल्याकडे ९२ टक्के आणलेल्या मुलाला उरलेले आठ कुठे गेले म्हणून विचारणारी घरे कमी नाहीत. त्या घरांना टेक्ससची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. टिंगल झालेल्या आर्चच्या संघाने नोव्हेंबरच्या अखेरीस, तोवर एकही सामना न हरलेल्या ए अँड एमला २७-१७ ने हरवले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मिशिगनविरुद्ध ४१ गुण केले. तेरा सामन्यांत दहा विजय! कुठल्याही साध्या वर्षी यावर पेढे वाटले असते. पण अजिंक्यपदाच्या बारा संघांच्या फेरीत टेक्ससला जागा मिळाली नाही, आणि सगळे वर्ष वाया गेले असाच हिशेब मांडला गेला.

२०२६ चा हंगामही टेक्ससकडूनच खेळायचे आर्चने ठरवले. इंडियानाच्या विजयाचा गुलाल खाली बसतो न बसतो तोच पुढच्या हंगामाच्या याद्या येऊ लागल्या होत्या. टेक्ससचे नाव पुन्हा वरच होते.